बेलापूर रोडचे सामान

दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी श्रीरामपूर शहरात थांबते, पण फलाटावरची पाटी 'बेलापूर' सांगते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्या माळावर शहर नव्हते. प्रवरेकाठचे बेलापूर हे जवळचे मोठे गाव. म्हणून स्थानकाला त्याचे नाव मिळाले आणि स्थानकाभोवती वाढलेल्या वस्तीला लोक 'बेलापूर रोड' म्हणू लागले. वस्तीचे पुढे श्रीरामपूर झाले, तालुक्याचे ठिकाण झाले. स्थानकाने मात्र जुने नाव सोडले नाही. गाव आणि स्थानक यांच्यात पाच-सहा किलोमीटरचे अंतर राहिले, आणि त्या अंतराने गावाला एक काम कायमचे लावून दिले: सामान एका वाहनातून उतरवायचे आणि दुसऱ्यात रचायचे.

आज बेलापुरातला एखादा बागायतदार सुताराला बोलावून मोटारीच्या डिकीत प्लायवूडचे खण बसवून घेतो. एकात पंपाचे सुटे भाग, एकात औषधाच्या बाटल्या, एकात जॅक आणि टॉमी. ही आजकालची हौस आहे असे वाटू शकते. पण वाहन बनवणाऱ्याने पोकळी द्यायची आणि वापरणाऱ्याने त्या पोकळीचे खण पाडायचे, ही वाटणी नगर जिल्ह्यात मोटार येण्याच्या कितीतरी आधी ठरलेली होती.

सर्वांत जुना खण बैलाच्या पाठीवर होता. रस्ते नव्हते तेव्हा दख्खनचे धान्य आणि मीठ लमाण-वंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांवरून चाले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत त्याच्या फौजेचे पोट याच तांड्यांवर अवलंबून होते. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी टाकत. तिचे गणित साधे आणि कडक होते: डावे-उजवे वजन सारखे हवे, नाहीतर गोणी सरकते, बैलाची पाठ सोलवटते आणि तांडा खोळंबतो. माणसाच्या खांद्यावरची पडशी हीच रचना लहान करून वापरी; एक पिशवी पुढे, एक मागे. घोड्यावरची खुर्जी तीच. दोन कप्प्यांचे हे वाण इतके चोख होते की मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन बाजूंना आज लटकतात त्या पिशव्यांमध्ये खुर्जीपेक्षा वेगळे काही शोधायला कष्ट पडतात.

घरातल्या वस्तूंतही खणांची ही बुद्धी होती. पान, सुपारी, चुना, कात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून गुंडाळी करून कमरेला खोचायची ती चंची. वस्तरा, कात्री, आरसा आपापल्या जागी राहील अशी न्हाव्याची धोकटी. मोहरी-हळद एकमेकांत न मिसळता हाताशी ठेवणारा मिसळणाचा डबा. या तिन्हींत एक समान गोष्ट आहे, आणि ती फार मोलाची आहे. वस्तू न बघता हाताला सापडली पाहिजे. शिंपी, सुतार, तांबट यांनी हे काम शतकानुशतके केले, पण प्रवासाच्या वस्तूंचा इतिहास लिहिताना त्यांची आठवण क्वचितच काढली जाते.

बैलगाडी तशी आपल्याला अनादि वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या बऱ्याच भागात ज्या गाड्या होत्या त्या जड, भरीव चाकांच्या, ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागणाऱ्या. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापूर भागात जमिनीची मोजणी करत होते, तेव्हा हलक्या गाडीची गरज त्यांच्या ध्यानात आली. लेफ्टनंट गेसफर्डच्या मदतीने सोलापूरकडच्या टेंभुर्णीत गाड्या बनवण्याचा कारखाना निघाला. आरेदार चाकांची, एका जोडीने ओढता येणारी, शेतकऱ्याला परवडणारी गाडी तिथून पसरत गेली. लदणीच्या बैलाचे दिवस त्या गाडीने मोजायला सुरुवात केली आणि पुढे रेल्वेने ते संपवले.

या गाडीचा साटा म्हणजे लाकडी चौकटीवरचा सपाट तळ. विकत घेताना एवढेच मिळे. बाकी सारे मालकाने करायचे. धान्य न्यायचे तर कडेला बांबूचे तट्टे उभे करायचे, कडबा न्यायचा तर खुंट वाढवायचे, लग्नाला निघायचे तर कमानी रोवून वर चांदवा ताणायचा. आखाजवळ वंगणाचा नळा टांगलेला, त्यात तेलकट चिंधी आणि काडी. गाडीच्या पोटाखाली कंदील, पाण्याची घागर, कधी बैलांच्या आंबोणाची पाटी. साट्याच्या वर माल असे, पण गाडीवानाचा खरा संसार साट्याखाली लोंबत असे. जिथे जागा वाया जाते तिथे दोरी बांधायची, हे तंत्र गाडीवानाला कुणी शिकवले नाही. धावेच्या चाकाने ते शिकवले. लोखंडी धावेची गाडी दगडावर आदळली की सुटी वस्तू फुटायचीच, आणि टांगलेली वस्तू झोका घेऊन वाचायची.

बेलापूर रोडला या गाड्यांची रांग लागायची ती गुळामुळे. १९१० मध्ये भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. प्रवरेचे डावे-उजवे कालवे आले, कोरडवाहू बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. कोपरगाव आणि बेलापूर रोड या गुळाच्या मोठ्या पेठा झाल्या. गुळाची ढेप ओल धरते, उन्हाने पाझरते, दाबाने चिरते. म्हणून खाली उसाचेच पाचट अंथरायचे, ढेपांच्या मधल्या फटी पाचटानेच भरायच्या, वर पोती. शेतातला कचराच गादीचे काम करी. आज डिकीत काचेची बरणी ठेवताना लोक फोमचे तुकडे कापून बसवतात; फोम विकत आणावा लागतो, पाचट बांधावरून उचलता यायचे, एवढाच फरक.

साखरेनेही इथे लवकर पाय रोवले. बेलापूरचे नाव घेतलेली बेलापूर कंपनी ब्रॅडी या इंग्रज व्यापारी घराण्याची. तिचा कारखाना १९२० च्या दशकात हरेगावला सुरू झाला. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली आणि टिळकनगर वसले. १९५० च्या अखेरीस लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. एवढ्या चिमण्यांना रोज ऊस पुरवायचा तर गाड्या लागणार, आणि लोखंडी धावेची गाडी फार तर टनभर ऊस कष्टाने नेई.

इथे रबर आले. डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी सहागंजला कारखाना काढला आणि मोटारीच्या टायरांबरोबर बैलगाडीसाठीही हवेचे टायर बनवले. ऊसपट्ट्यात त्या गाडीलाच 'डनलॉप' किंवा 'टायरगाडी' नाव पडले. गाडी हलकी चालू लागली, वजन जवळपास दुपटीने वाढले, मागे धूळही कमी उडू लागली. बैलांचे दुःख किती कमी झाले हे मात्र वेगळे. हलक्या चाकाचा फायदा लोकांनी जास्त ऊस लादून घेतला.

या टायरगाडीवर दरवर्षी जे रचले जाते त्याची बरोबरी कुठल्याही डिकीला करता येणार नाही. दिवाळीच्या आसपास बीड, पाथर्डी, शेवगाव या कोरडवाहू भागांतून ऊसतोड मजूर निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, कारण मुकादमाच्या वहीत माणसांची नोंद हत्याराच्या नावाने होते. ऊस कसा वाहायचा त्यानुसार कुणी टायर सेंटरला, कुणी गाडी सेंटरला, कुणी डोकी सेंटरला. पाच-सहा महिन्यांचा संसार त्यांना एका साट्यावर बसवायचा असतो: बाजरी-ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, हंडे, तवा, परात, गोधड्यांची वळकटी, कोपीला (मुक्कामाच्या झोपडीला) लागणारे बांबू आणि ताडपत्री, बैलांची पेंड, डालग्यात कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर लेकरे. तान्हे असेल तर त्याची झोळी.

ही रचना करणारी बहुधा घरातली बाई असते. पोती तळाला, आखाच्या वर, म्हणजे वजन बैलांच्या मानेवर येत नाही आणि गाडी मागेही उलाळत नाही. पेटी पोत्यांना टेकून, कारण तिच्यात कागदपत्रे आणि असलेच तर चार मणी असतात. भांडी भांड्यांत: परातीत तवा, हंड्यात गाडगी, गाडग्यात मीठ-मिरचीची पुरचुंडी. रिकामे भांडे रिकामे ठेवायचे नाही. गोधड्या फटींत कोंबायच्या म्हणजे काही खडखडत नाही. आता अंतर लांब असेल तर गाडी आणि बैलांसकट सगळे ट्रकवर चढते, पण ट्रकच्या हौद्यातही हीच उतरंड राहते. ही उतरंड त्या बायका दरवर्षी दोनदा, जाताना आणि येताना, जवळजवळ डोळे मिटून लावतात. या कौशल्याचे कुणी चित्र काढले नाही, कुणी त्याला कला म्हटले नाही. खरे तर महाराष्ट्रात वाहनात सामान बसवण्याचा सर्वांत खोल अनुभव याच बायकांच्या हातात आहे.

मोटारीच्या युगाचा नगरशी संबंध अधिकृतपणे एका तारखेने जोडला जातो. १ जून १९४८ रोजी राज्याच्या एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला गेली. बेडफर्डची, लाकडी बांध्याची, तीस आसनांची. एसटीने सामानाला टप दिला. मागची शिडी चढायची, हमालाने वर ओढायचे, काथ्याने आवळायचे. टपावर अनेक घरांचे सामान एकत्र होई, म्हणून ओळख महत्त्वाची झाली. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि तालुका लिहून घेण्याची पद्धत या गर्दीत कामी आली. वसतिगृहात शिकायला निघालेल्या पोरांच्या ट्रंका अनेक घरांत अजून माळ्यावर आहेत.

गंमत अशी की अमेरिकेत मोटारीच्या मागच्या कप्प्याला 'ट्रंक'च म्हणतात, आणि त्याचे कारणही खरीखुरी ट्रंकच आहे. १९२० च्या दशकापर्यंत तिकडच्या मोटारींच्या पाठीला वेगळी पेटी पट्ट्यांनी बांधत. पुढे पेटी मोटारीच्या अंगात मुरली आणि नाव उरले. आपला शब्द 'डिकी' इंग्रजांकडून आला. जुन्या दोन आसनी मोटारींच्या मागे उघडझाप होणारी एक जादा बैठक असे, तिला डिकी म्हणत. त्याही आधी घोडागाडीच्या मागची नोकराची जागा म्हणजे डिकी. इंग्लंडात ती बैठक गेली, शब्दही मागे पडला. भारतात माणसाच्या जागी सामान बसले आणि शब्द टिकला. तसाच 'स्टेपनी'. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक काढले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. लानेलीत ते नाव इतिहासजमा झाले असेल, पण बेलापूरच्या पंक्चरवाल्याकडे ते दिवसातून अनेकदा उच्चारले जाते.

वाहनाच्या मागे खणांची पेटी बसवून तिला कामाची जागा करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र टेक्सासचे. १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या व्यापाऱ्याने लष्कराच्या जुन्या स्टुडबेकर गाडीच्या मागे लाकडी कपाट ठोकले. पीठ, कॉफी, औषधे, पट्ट्या, प्रत्येकाला वेगळा खण. कपाटाचे झाकण खाली पाडले की पाय टेकून त्याचेच स्वयंपाकाचे टेबल. शेकडो मैल गुरे हाकणाऱ्या माणसांचे स्वयंपाकघर त्या पेटीत होते. गुडनाइटला ज्या अडचणीने ते सुचवले, तीच अडचण पाथर्डीच्या ऊसतोड बाईची आहे: मुक्काम नवा, भूक मात्र ठरल्या वेळची.

नगर शहरात याच विद्येचे लष्करी रूप बघायला मिळते. १९९४ मध्ये उघडलेल्या तिथल्या रणगाडा संग्रहालयात रणगाड्यांच्या तोफा सगळे बघतात. पण बाजूंना आणि मागे ठोकलेल्या पोलादी पेट्याही बघण्यासारख्या आहेत. आत माणसांना जेमतेम जागा, म्हणून अवजारे, ताडपत्री, साखळदंड सारे बाहेर, ठरलेल्या जागी. गाडीवानाने साट्याखाली घागर टांगली ती याच कारणासाठी.

जिल्ह्याने वाहनेही दिली. नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या नवलमल फिरोदियांनी १९५८ पासून बजाज टेम्पोची तीनचाकी आणली, आणि जर्मन कंपनीचे 'टेम्पो' हे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम झाले. हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना काढली; तिचा कारखाना नगरलाच. पन्नास सीसीच्या आतली, पायडलवाली ती गाडी माणसांसाठी होती. गावांनी तिचे ऐकले नाही. पायाशी जी मोकळी जागा होती तिथे गॅसची टाकी, भाजीचे पोते, पिठाचा डबा बसू लागला. वेल्डरकडून मागे लोखंडी कठडा आणि दोन्ही बाजूंना आकडे लावून घेतले की दुधाचे कॅन अडकवता येत. पहाटे दूध घालायला निघालेल्या या लूना म्हणजे नव्या गोण्याच होत्या; दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे, हा लदणीच्या बैलाचा नियम दूधवाला जसाच्या तसा पाळी.

मोटार सामान्य घरात फार उशिरा आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावाकडे दिसत त्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीची. साखर आणि मोटार या दोन्ही धंद्यांत एकाच माणसाने उडी घेतली होती, आणि उसाच्या पैशावर मोटार घेणाऱ्या पिढीला हे जुळणे ठाऊकही नव्हते. त्या मोटारींची डिकी ऐसपैस, आणि आतून नुसती गुहा. स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन, बाजरीचे पोते सगळे एकत्र. मुंबईला निघालेल्या घरात डिकी भरायचे काम एका जाणत्या माणसाकडे असायचे आणि त्याच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नसे.

खण पाडायला साधन काय होते? रॉकेलचे दोन डबे ज्या लाकडी खोक्यात यायचे ते खोके. चहाची प्लायची पेटी. लष्कराच्या लिलावातून आलेला दारूगोळ्याचा पत्र्याचा डबा, ज्याचे झाकण आजही घट्ट बसते. कारखान्याने पाठवलेले कप्पे नव्हते, पण कारखान्याने पाठवलेल्या मालाचे खोके होते, आणि ते फेकून देण्याची कल्पना त्या पिढीला सहन झाली नसती.

आता त्या खोक्याची जागा 'कॅरेट'ने घेतली आहे. मुळात तो प्लास्टिकचा क्रेट, पण नगर-नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी कॅरेटच. टोमॅटोचा भाव वीस किलोच्या कॅरेटवर निघतो आणि राहात्याचा पेरूही त्यातून जातो. भिंती जाळीच्या असल्याने वास कोंडत नाही, एकावर एक बसते, पाण्याने धुता येते. दोन कॅरेटे शेजारी ठेवून मधल्या फटीत प्लायची फळी उभी केली की अर्धे काम झाले. उरलेले सुताराचे. चांगला सुतार आधी पुठ्ठा कापून डिकीत बसवून बघतो, कारण डिकीचा तळ रुंद आणि तोंड अरुंद असते. तळाच्या मापाने केलेली पेटी आत जातच नाही. चाकांच्या कमानी दोन्ही बाजूंनी आत आलेल्या, त्यांच्या मागचे कोनाडे बाटल्यांना आणि दोरखंडाला उपयोगी. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असेल तर पेटीचा तळ बिजागरीवर उचलता आला पाहिजे. हे ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो पहिल्या पंक्चरला भर रस्त्यात सगळे सामान बाहेर मांडून बसतो.

सीएनजी आणि एलपीजीच्या किटने या कामाला नवी तातडी आणली. टाकी डिकीतच बसते आणि उरते ती वेडीवाकडी पोकळी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींचे टपावरचे कॅरिअर सगळ्यांनी पाहिले आहे. टाकीने जागा खाल्ल्यावर प्रवाशांच्या ट्रंका पुन्हा एसटीसारख्या वर चढल्या. टाकीच्या गोलाईला धरून कापलेली फळी आणि कापडी खिसे हा त्यावरचा घरगुती तोडगा. तो करताना टाकीच्या झडपेपर्यंत हात पोहोचला पाहिजे, यात कुणी हयगय करू नये.

वजनाचे भानही हवे. पेटी जड असेल तर ती मागच्या आसनाच्या पाठीला भिडवून, खाली आणि पट्ट्याने बांधून ठेवायची. अचानक ब्रेक लागला की सुटा पाना गोफणीच्या दगडासारखा पुढे येतो. मोटारीचा सांगाडा कापायचा नाही, आसने काढायची नाहीत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेतले फेरफार रोखते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. उचलून बाहेर काढता येईल अशी सुटी पेटी केली की कायद्याशीही भांडण नाही, आणि मोटार विकताना पेटी घरी राहते.

गुढीपाडव्याच्या सुमारास कारखान्यांची धुराडी एकेक करून थंड होतात. हरेगावच्या जुन्या कारखान्याच्या वाटेने, प्रवरेच्या पुलावरून, टायरगाड्या आणि ट्रक परतीला लागतात. कोपीचे बांबू सुटतात, ताडपत्री घडी होते, पोती तळाला जातात. जाताना ती भरलेली होती, येताना बरीच सैल असतात, म्हणून गोधड्या या वेळी त्यांच्यातच कोंबल्या जातात. चहाचे पातेले, साखरेचा डबा आणि काडेपेटी शेवटपर्यंत खाली ठेवलेली असतात. सगळे आवळून झाल्यावर ती दोरीखाली, अगदी वर, हाताला येतील अशी खोचली जातात, कारण पहिला मुक्काम पडला की लेकरे उतरायच्या आत चूल पेटवावी लागते.